पान्झानोच्या खाटकाकडे जेवायला जावं का?

कोथरूडकर:
ऑक्टोबरमध्ये मी आणि बायको चार रात्री फ्लॉरेन्सला आहोत. तिथून दक्षिणेला किआन्तीच्या टेकड्यांत पान्झानो गावात दारिओ चेक्कीनी यांचं मांसाचं दुकान आहे आणि त्यांच्याकडेच जेवायचीही सोय आहे, असं कळलं. मी बीफ आयुष्यात दोन-तीनदाच खाल्लंय, तेही पूर्ण शिजलेलं. आतून लाल मांस खायची भीती वाटते. बायको तर अंडंसुद्धा खात नाही. एका जेवणासाठी अख्खा दिवस घालवावा का?

वसईची_लेक:
दादा, जरूर जा. मी बोलोन्यात राहते, आजवर तीनदा गेलेय. फक्त थेट जेवणाच्या वेळेला पोचू नका. तासभर आधी जा आणि दुकानात उभे राहा. माझी आजी वसईच्या बाजारात मटण घ्यायला जायची तेव्हा मला सोबत न्यायची. मांडीचं किती, चाप किती, नळी कुठली, सगळं बोट दाखवून घ्यायची. खाटीकही तिला ओळखून असायचा. पान्झानोच्या दुकानात पहिल्यांदा शिरले तेव्हा मला तीच आठवली. आल्यागेल्याच्या हातात वाईनचा पेला आणि डुकराची मऊ चरबी लावलेला पावाचा तुकडा देतात. दारिओ स्वतः असले तर मधूनच खड्या आवाजात इटालियन महाकवी दान्तेच्या ओळी म्हणतात.

त्यांच्या घराण्यातली खाटकाची ही आठवी पिढी. ते पिसाला पशुवैद्यक शिकत होते. १९७६ मध्ये वडील गेले, शिक्षण सोडून ते दुकानात उभे राहिले. जनावर मारलं तर त्यातलं काहीही वाया जाता कामा नये, यावर त्यांचा सगळा धंदा उभा आहे. म्हणून जेवणाच्या जागाही दोन. 'ओफिचिना देल्ला बिस्तेक्का'त निखाऱ्यांवर भाजलेले मोठे तुकडे मिळतात; पाठीच्या हाडासकटच्या जाड तुकड्याला बिस्तेक्का म्हणतात. 'सोलोचिच्चा'त बिस्तेक्का सोडून उरलेलं जनावर, म्हणजे ज्याला हॉटेलवाले सहसा हात लावत नाहीत ते भाग असतात. दोन्हीकडे लांब टेबलावर अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि ठरलेलं जेवण येईल तसं खायचं.

आता तुमच्या भीतीबद्दल. कापल्यावर ताटलीत जे लाल पाणी उतरतं ते रक्त नसतं, मांसातल्याच मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा तो रंग आहे. पण बिस्तेक्का तीन-चार बोटं जाड असते. दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं, मग हाडावर उभी करून आणखी पंधरा मिनिटं, एवढंच भाजतात. आत ती लालच राहणार. 'पूर्ण शिजवून द्या' म्हणायचं असेल तर ओफिचिनात जाऊ नका, त्या मांसाचं मातेरं होतं. तुम्हाला मी सोलोचिच्चाच सांगेन. तिथं बराच वेळ शिजवलेले पदार्थही असतात, आणि खरं सांगू, मला स्वतःला तिथलंच जेवण जास्त आवडतं. आजीच्या नळीच्या रश्श्याच्या जवळ जाणारं काही मी इटलीत खाल्लं असेल तर तिथंच.

गोदाकाठ:
मांस किआनीना जातीच्या पांढऱ्या गुरांचंच असतं ना? आम्ही फ्लॉरेन्समध्ये एका ठिकाणी त्याच नावावर खाल्लं. भाव शंभर ग्रॅमचा लिहिला होता, वजन आधी विचारलं नाही. दोघांत सव्वा किलोचा तुकडा आला आणि बिल बघून जेवण घशाशी आलं. कोथरूडकर, फ्लॉरेन्समध्ये कुठंही खाल्लंत तरी आधी वजन विचारा.

वसईची_लेक:
नाही, दारिओ बीफ स्पेनहून आणतात आणि तसं उघड सांगतात. जातीच्या नावापेक्षा जनावर कसं वाढलं ते महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. तोस्कानातल्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतातल्या, कित्येकांना ते रुचत नाही. मला पटतं. आणि या माणसाला परंपरेचं काही नाही असं कुणी म्हणू नये. गुरांच्या मेंदूच्या रोगामुळे २००१ मध्ये पाठीच्या हाडासकट बीफ विकायला बंदी आली, तेव्हा ३१ मार्चला त्यांनी गावात बिस्तेक्काची अंत्ययात्रा काढली होती. हाडासकटची बिस्तेक्का परत यायला २००६ उजाडलं.

वहिनींचं राहिलंच. दोन्हीकडे शाकाहारी जेवण मिळतं, जागा राखतानाच कळवा. पण ओफिचिनात भाजण्याचा वास खोलीभर असतो. तो त्यांना सोसेल का, हे तुम्ही नका ठरवू, त्यांनाच विचारा. आणि जेवण दुपारचं घ्या, म्हणजे परतीच्या बसची चिंता नाही.

कोथरूडकर:
विचारलं. दुकानात येईन, गाव बघेन, पण भाजायच्या खोलीत बसणार नाही, म्हणाली. तेव्हा सोलोचिच्चा, दुपारचं, दोन जागा, एक शाकाहारी. आजच कळवतो त्यांना. नळीच्या रश्श्याचं वाचून मलाच भूक लागली, ताई.