बांधाच्या भांडणाची केस चालू आहे, वडिलांना कॅनडाला जाता येईल का?

मांजराकाठ
वडिलांवर २०१७ पासून केस आहे, भादंवि (भारतीय दंड संहिता) ३२३, ३२४, ५०४, ५०६, म्हणजे मारहाण, हत्यारानं दुखापत, अपमान, धमकी. जामीन झाला, दोषारोपपत्र दाखल झालं, केजच्या कोर्टात तारखा चालू आहेत. भावाकडे टोरंटोला तीन महिने जायचंय, पण पासपोर्टच काढलेला नाही. एजंट म्हणतो, "फॉर्मवर केस नाही असं लिहा, गावाकडचं कोण बघतंय?" तसं करावं का?

फौजदारी बाजू
अजिबात करू नका. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीचा कागद तुमच्याच ठाण्यात येतो, अन् गुन्हा तिथंच नोंदलेला आहे. माहिती दडवली तर पासपोर्ट कायदा १९६७, कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सरळ वाटही आहे. केस कोर्टात प्रलंबित असली की त्याच कायद्याचं कलम ६(२)(एफ) आडवं येतं, पासपोर्ट नाकारतात. पण २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्याच कोर्टानं परदेशी जायला परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. कोर्टातल्या परवानगीच्या अर्जाला दोषारोपपत्राची प्रत, भावाचं निमंत्रणपत्र, जाण्यायेण्याच्या तारखा जोडा. तारखेला वकील हजर राहतील अशी हमी द्या आणि गैरहजेरी माफीचा अर्ज वेगळा करा.

इथं हमखास चूक होते. अर्जात फक्त "परवानगी द्यावी" एवढंच मागतात. आदेशात मुदत नसली की पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो, आणि व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपुढं जात नाही. म्हणून पासपोर्ट किती वर्षांचा हवा ते मागणीतच लिहा. आदेशाची प्रमाणित नक्कल घेऊनच अपॉइंटमेंटला जा. जामिनाच्या अटीही वाचा. देश सोडायला मनाई असेल तर हातात पासपोर्ट असला तरी ती अट सुटत नाही.

व्हिसा फाईल
कॅनडाच्या फॉर्मवर प्रश्न फक्त शिक्षेचा नाही. कधी अटक झाली का, आरोप ठेवला गेला का, हेही विचारतात, म्हणून उत्तर "हो"च. खोटं सापडलं तर पाच वर्षं बंदी, आणि ती मूळ केसपेक्षा जड जाते.

कॅनडाचे अधिकारी आपलं कलम बघत नाहीत, तोच प्रकार त्यांच्या कायद्यात काय ठरतो ते बघतात. भांडणात काठी-कुऱ्हाड होती का, यावर खूप अवलंबून आहे. हत्यारानं मारहाणीला तिथं दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून शिक्षा झालीच तर ती गंभीर गुन्ह्यात जाते. मग शिक्षा भोगून पाच वर्षं झाल्यावर पुनर्वसनाचा, म्हणजे जुन्या गुन्ह्याची आडकाठी काढण्याचा, अर्ज करता येतो, नुसती वर्षं उलटून डाग जात नाही.

फिर्याद, दोषारोपपत्र, रोजनामा (कोर्टातल्या तारखांची नोंद) सगळं मराठीत असेल. इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह द्या. घरच्या माणसानं केलेलं चालत नाही, भावानं केलेलंही नाही. सोबत एक पानी खुलासा: भांडण कशावरून झालं, वडिलांवर नेमका आरोप काय, केस कुठल्या टप्प्यावर आहे.

मांजराकाठ
समोरचे समेटाला तयार आहेत. मिटवलं तर?

फौजदारी बाजू
कलम ३२४ तालुका कोर्टात आपसात मिटत नाही. दोघांच्या संमतीनं हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गुन्हा रद्द करायचा अर्ज करा. रद्द झाला की पासपोर्टची अडचण संपते. व्हिसाच्या फॉर्मवर मात्र "हो" लिहून रद्द झाल्याच्या आदेशाची नक्कल जोडायची. तोवर तिकीट काढू नका.