शंभर वर्षांचा लाकडी रोलर कोस्टर, साठीनंतर बसावं का?

लष्करची_आजी:
जुलैत लेकाकडे अमेरिकेत, सॅन होजेला जायचंय. तिथून जवळच सांताक्रूझला समुद्राच्या अगदी काठावर 'जायंट डिपर' नावाचा लाकडी रोलर कोस्टर आहे. नातवाने फोनवर कबूल करून घेतलं, "आजी, तू माझ्या शेजारी बसायचं." मी हो म्हणून मोकळी झाले. मग कळलं, तो १९२४ सालचा आहे!

आमच्या ग्वाल्हेरच्या, जनकगंजातल्या घरातला जिना सागवानी, तरी दोन पायऱ्या वाळवीने खाल्ल्या. मग खाऱ्या हवेत इतकी वर्षं लाकूड टिकतं कसं? मेळ्यातल्या आकाशपाळण्यात मी दरवर्षी बसते, अगदीच भित्री नाही. वय ६२, गुडघे ठीक, कंबर अधूनमधून धरते. कुणी बसलंय का?

छोटी_लाइन:
काकू, मी दोनदा बसलोय. शंभर वर्षांचा तो सांगाडा म्हणायचा, फळ्या नव्हेत. खराब झालेलं लाकूड काढून नवं बसवत राहतात, वर रंग. तुमच्या जिन्याकडे कुणी असं लक्ष दिलं असतं तर वाळवीची काय टाप होती!

रूळ म्हणजे लाकडाच्या पट्ट्यांचे थर आणि त्यावर पोलादी पट्टी. चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खालूनही असतात, त्यामुळे डबा उचलला जात नाही. सांगाडा हलताना दिसेल, घाबरू नका. तो हलायलाच हवा, नाहीतर सांधे उकलतील. १९८९ चा मोठा भूकंप त्याच भागात झाला, गावातली बाजारपेठ पडली, हा मात्र उभा राहिला.

सुरुवातीलाच गाडी काळोख्या बोगद्यात शिरते. मग साखळी वर ओढू लागते आणि खालून टक-टक-टक. गाडी मागे घसरू नये म्हणून खटका दात्यांत पडत जातो, त्याचा तो आवाज. ७० फुटांवर गेलात की समुद्र दिसतो, पण बघायला वेळ कुठला! आपल्या ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी छोटी आगगाडी आठवते? दोन रुळांत जेमतेम दोन फुटांचं अंतर, जौऱ्याला पोचेपर्यंत हाडं खिळखिळी. तीच गाडी कुणी गच्चीवरून खाली लोटली तर जे होईल, ते. वेग ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास, खेळ दोन मिनिटांच्या आत आटोपतो. मधल्या डब्यात बसा. शेवटचा डबा उतारावर फार जोरात खेचला जातो.

मुरारचा_भाचा:
मेळ्यातली मौत का कुआँसुद्धा फळ्यांचीच की! तिथे तर गाडी भिंतीवर चढते, आणि आपण वर कठड्याला टेकून शेंगा खात असतो.

फिजिओ_ताई:
आजी, कंबर धरते म्हणजे नुसती आखडते की कळ पायात उतरते? पायात उतरत असेल तर खाली उभं राहून सगळ्यांच्या पर्सा सांभाळा. नुसती आखडत असेल तरी जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मान, पाठ, हृदयाचं दुखणं असेल तर बसू नका, असा फलक तिथेही असतो. आणि बसलातच तर पाठ टेकून.

लष्करची_आजी:
बसले! कळ पायात जात नाही, डॉक्टरही हो म्हणाले. चष्मा पर्समध्ये, त्यामुळे वरून समुद्र नुसता निळा फराटा दिसला. बोगद्यात नातवाने हात धरला तो शेवटच्या वळणापर्यंत सोडला नाही. आता म्हणतो, आजीनेच धरला होता. ह्यांनी खालून फोटो काढला, त्यात भलत्याच बाईची टोपी आलीय. कंबर शाबूत, घसा बसलाय. लेक सांगतो, एवढ्या गर्दीत "अगं बाई गं" खालपर्यंत ऐकू येत होतं, दर उताराला.