लहानपणीचा तुमचा क्रिकेटचा हिरो कोण? बडोदेकरांनो, लिहा

रावपुऱ्याचा_कीपर:
मंडळी, परवा भाच्याला आपला जुना विकेटकीपर किरण मोरे कोण ते सांगत होतो तर त्याला ९२च्या वर्ल्डकपमध्ये पाकिस्तानच्या मियांदादने मोरेची नक्कल करत मारलेल्या उड्याच फक्त माहीत, बाकी काही नाही! अरे, आमच्यासाठी मोरे म्हणजे ८८ची मद्रास टेस्ट, वेस्ट इंडीजच्या एका डावात ५ स्टंपिंग आणि मॅचमध्ये एकूण ६, ते रेकॉर्ड अजून त्याचंच आहे. गल्लीत सगळ्यांना बॅटिंग हवी असायची, मी मात्र बाबांचे स्कूटरचे ग्लव्ज घालून स्टंपामागे, आणि मोरे आपल्या बडोद्याचा याचा इतका अभिमान की काय सांगू. तुमचा कोण? बडोद्याचाच हवा असं नाही, पण का आवडायचा ते लिहा.

इंदूरवाली_ताई:
दादा, त्या स्टंपिंगपैकी बहुतेक आमच्या हिरवाणीच्या बॉलिंगवर हं! पहिल्याच टेस्टमध्ये १३६ रन देऊन १६ विकेट. पण माझी हिरो संध्या अग्रवाल, आमच्या इंदूरचीच. ८६ साली इंग्लंडमध्ये वूस्टरला १९०, तेव्हा तो बायकांच्या टेस्टमधला सगळ्यात मोठा स्कोर होता. टीव्हीवर कुठे दिसायची ती, पेपरमधल्या चार ओळींवर आम्ही मुली भाळलो, आणि ‘मुलींनी कशाला खेळायचं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला तोच आकडा ऐकवायचो.

मोतीबाग_जुना:
माझा अंशुमन गायकवाड. ७६ला किंग्स्टनला हेल्मेट नाही काही नाही, समोर वेस्ट इंडीजचा फास्ट बॉलर होल्डिंग, कानावर बॉल लागून ८१ वर बाहेर जावं लागलं, आणि नंतर ८३ला जालंधरला पाकिस्तानसमोर ६७१ मिनिटं उभा राहून २०१. लोक स्लो म्हणायचे, मला ते कधीच पटलं नाही, बॉल अंगावर घेऊन उभं राहणारा माणूस टीममध्ये लागतोच. २०२४ला फेब्रुवारीत दत्ताजीराव गेले, जुलैमध्ये अंशुमन. बापलेक दोघंही एकाच वर्षात, फार लागलं मनाला.

रावपुऱ्याचा_कीपर:
काका, खरंय, दोघांना माझा नमस्कार. ताई, तुमचं वाचून बरं वाटलं, भाच्याबरोबर आता भाचीलाही सांगतो हे.

दांडियाबाजार:
नयन मोंगियाला विसरलात की काय? ९६ची दिल्ली टेस्ट, समोर ऑस्ट्रेलिया, कीपर असून ओपनिंगला जाऊन १५२! मोरेनंतर परत बडोद्याचाच कीपर भारताकडून खेळतो म्हणजे शाळेत आमची कॉलर टाइट असायची. त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी लिहितो.