शास्त्र पाठ असलं म्हणजे गाणं आलं का?

काळी चार:
आमच्या भजनी मंडळातले पखवाजी बुवा सत्तरीचे आहेत. आयुष्यात एक बोल लिहिलेला नाही. ताल किती मात्रांचा विचारलं तर वाजवूनच दाखवतात. आणि परवा मध्यमा ही संगीताची परीक्षा झालेली एक मुलगी भेटली. भूप रागाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देशकाराचा धैवत, सगळं तोंडपाठ. मी दोन्ही गुणगुणले तर तिला ओळखता येईनात, कारण स्वर तेच पाच. राग आधी होते, संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागांच्या वर्गीकरणाचे दहा थाट नंतर मांडले. पटदीप रागात गंधार कोमल, निषाद शुद्ध. तो दहांतल्या एकातही धड बसत नाही, तरी काफी थाटात घालतात. माझं मत ठाम आहे: कान हवा, शास्त्रावाचून अडत नाही.

डग्गा:
माझं अडलं होतं. तबला मीही कानावरच शिकलो. एका कार्यक्रमात गाणाऱ्या बाईंनी झपतालात समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) तिहाई घ्यायला खुणावलं, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून पुन्हा समेवर यायचं. अंदाजाने वाजवली. शेवटचा धा सम उलटून मात्राभर पुढे पडला आणि बाईंचा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, हुकला. रात्री घरी बोटांवर मोजत बसलो. 'तिट कत धा', तीन मात्रा. तीनदा म्हणजे ९, मध्ये एकेक मात्रेचा दम (थांबा) दोनदा, झाल्या ११. झपताल १० मात्रांचा, म्हणजे अकरावी पुढची सम! इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काळी चार:
हा रियाजातला हिशोब झाला. पुस्तकी शास्त्र वेगळं.

मंद्र पंचम:
वेगळं कसं? मी गाणं शिकवते. मारवा, पूरिया, सोहनी यांचे स्वर एकच. एक विद्यार्थी सोहनी गाताना सारखा खाली उतरायचा, पूरिया व्हायचा. "उत्तरांगात राहा, तार षड्ज सोडू नकोस" (उत्तरांग म्हणजे सप्तकाचा वरचा भाग) एवढंच म्हटलं आणि पुढच्याच आलापाला सोहनी उभी राहिली. उत्तरांग हा शब्द त्याला ठाऊक नसता तर मी तासभर गातच बसले असते. दरबारी रागाचा गंधार मात्र मी फळ्यावर लिहून शिकवत नाही. त्याचं आंदोलन, म्हणजे स्वराचं संथ झुलणं, समोर बसूनच घ्यावं लागतं, पेटीच्या पट्टीत ते सापडत नाही.

काळी चार:
तिहाईचं पटलं, उत्तरांगाचंही. मग परीक्षेत आधी गाऊन-वाजवून घ्या आणि लिहायला नंतर बसवा. त्या मुलीला देशकार कुणीतरी ऐकवायला हवा होता.