मदत हवी आहे: विचलन सरासरीपासून मोजावे की मध्यकापासून?

नमस्कार. मी कोथरूडमध्ये घरी आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवते. नुसत्या सरासरीवरून माहितीचे खरे रूप कळत नाही हे मुलांना पटावे म्हणून, मुलीला सकाळी दुचाकीवरून शिवाजीनगरला सोडायला लागणारी मिनिटे मी पाच-पाच दिवस वहीत टिपून ठेवली. नळ स्टॉपपर्यंत रस्ता एकच. पुढे डेक्कनवरून गेल्यास २८, ३०, ३१, २९, ३२ आणि डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याने गेल्यास २२, २४, ४१, २५, ३८. सरासरी दोन्हीकडे ३०.

सरासरीपासूनचे फरक चिन्हांसह मिळवले की बेरीज शून्यच येते, हे मुलांनी स्वतः करून पाहिले, म्हणून केवलमूल्ये, म्हणजे चिन्ह सोडून नुसती अंतरे घेतली. माध्य विचलन, म्हणजे या अंतरांची सरासरी, पहिल्या रस्त्याचे १.२ आणि दुसऱ्याचे ७.६ मिनिटे आले. इथवर सर्वांना पटले. मात्र एका विद्यार्थिनीने दुसऱ्या रस्त्याचा मध्यक (संख्या चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या) २५ काढून त्यापासून विचलन मोजले, ते ६.६ आले आणि तिने विचारले, "ताई, हे तर कमी आहे, मग सरासरीच का धरायची?"

मध्यकापासूनचे विचलन नेहमीच कमी असते का, आणि असल्यास त्याचे कारण नववीतल्या मुलीला कसे सांगावे? "नियमच आहे" म्हणून तिची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद: ताई, मध्यकापासूनचे विचलन सरासरीपासूनच्या विचलनापेक्षा कधीच जास्त येत नाही, फार तर सारखे येते. संख्यारेषेवर पाच ठिपके मांडून तिला २५ वर बोट ठेवायला सांगा. बोट ३० वर सरकवले की २२, २४ आणि २५ हे तीन ठिपके प्रत्येकी ५ ने लांब जातात, तर ३८ आणि ४१ हे दोनच तितके जवळ येतात, त्यामुळे अंतरांची बेरीज १५ ने वाढते, १० ने घटते आणि ३३ ची ३८ होते. डावीकडे २४ वर सरकवले तरी लांब जाणारे तीन आणि जवळ येणारे दोनच. वर्णनात मात्र जोडी मोडू नये: ३० सांगितले तर सोबत ७.६, २५ सांगितले तर ६.६.

धागाकर्ती: मनापासून आभार. आज चिंचोके मांडून हे केले. बोट २६ वर नेल्यास बेरीज ३४ होईल, हे तिने न मोजताच सांगितले. सहा दिवसांची माहिती असेल तर बोट नेमके कुठे ठेवायचे, असे तिने लगेच विचारले आहे, तेव्हा उद्या आणखी एक चिंचोका मांडून पाहणार आहोत.