कुर्द हे मीडांचेच वंशज का?

झाग्रोसवारी: यात वाद घालण्यासारखं काय आहे? इ.स.पू. ६१२ मध्ये बॅबिलोनच्या साथीनं असिरियाची राजधानी निनेवे पाडणारे मीड, म्हणजे प्राचीन इराणी लोक, झाग्रोसमधलेच; पश्चिम इराणातल्या याच डोंगररांगेत आजही कुर्द राहतात. त्यांची राजधानी एकबताना म्हणजे आजचं हमदान. कुर्दांच्या राष्ट्रगीतातही ते स्वतःला मीडियाची, म्हणजे मीडांच्या देशाची, लेकरं म्हणवतात.

शंकासुर: विसाव्या शतकातलं राष्ट्रगीत पुरावा म्हणून कसं चालेल? १५९७ चा ‘शरफनामा’ हा कुर्दांचा इतिहास घ्या. लिहिणारा बिटलिसचा (आज पूर्व तुर्कस्तानात) शरफखान, स्वतः कुर्द सरदार. त्यात कुर्दांच्या उत्पत्तीची कथा आहे ती झहाक या दंतकथेतल्या जुलमी राजाची. त्याच्या खांद्यांवर दोन साप, त्यांना रोज दोन तरुणांचे मेंदू लागतात. त्यातल्या एकाला गुपचूप सोडून देतात आणि त्याच्या जागी मेंढीचा मेंदू मिसळतात. सुटलेली पोरं डोंगरात पळाली, त्यांची संतती म्हणजे कुर्द. या कथेत मीड कुठे आहेत? मीडांचा सिद्धांत नंतर मिनॉर्स्कींसारख्या प्राच्यविद्या अभ्यासकांनी उचलून धरला आणि इराणी भाषांचे अभ्यासक मॅकेन्झी यांनी भाषेच्या अंगानं तो खोडला. मुळात मीडी भाषेतला एक सलग मजकूर शिल्लक नाही, थोडी नावं आणि उसने शब्द तेवढे. ताडून बघणार कशाशी?

पायवाट: मग ग्रीक लेखक झेनोफननं वर्णन केलेले डोंगरी कार्दुखी लोक? तेच कुर्दांचे पूर्वज नसतील का? इ.स.पू. ४०१ मध्ये ग्रीक सैन्याला त्यांनी सात दिवस डोंगरात सळो की पळो केलं. वरून धोंडे लोटायचे. बाण इतके लांब की ग्रीक ते उचलून भाल्यासारखे फेकत.

शंकासुर: वर्णन झकास आहे, पण ते कुठली भाषा बोलत हेच कळत नाही. नुसत्या नामसाम्यावर किती चालायचं?

झाग्रोसवारी: तुमचं बरं आहे, घरबसल्या पुरावे मागायला! पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन तुर्कांशी झालेल्या १९२० च्या सेव्हर्स तहात कुर्दांच्या स्वायत्ततेचं कलम होतं, त्याच्या जागी आलेल्या १९२३ च्या लोझान तहात ते गायब. तुर्कस्तानात कुर्दांना ‘डोंगरी तुर्क’ ठरवलं. अशा माणसांनी जुना राजवंश घट्ट धरला तर बिघडलं कुठे?

शंकासुर: का धरला ते कळतं, म्हणून तो खरा ठरत नाही. शिवाय सातव्या शतकातल्या अरब स्वाऱ्यांच्या वृत्तांतात कुर्द त्याच डोंगरांत भेटतात. मायभूमीवर हक्क सांगायला एवढं पुरे की!

पायवाट: मग झाग्रोसमधल्याच शेजारच्या लोर लोकांचं काय? शरफखान त्यांना कुर्दांतच धरतो, आणि आज बरेच लोर म्हणतात आम्ही वेगळे. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, सांगा.