मदत हवी आहे: सीपॅप मशीनचा फिल्टर कोणता घ्यावा? (नंदुरबार, मिरचीची धूळ)

राम राम मंडळी,

माझे सासरे (आम्ही आप्पा म्हणतो) गेल्या वर्षापासून रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावून झोपतात. झोपेत श्वास अडकायचा, घोरणं शेजारच्या ओट्यावर ऐकू जायचं. तपासणी सुरतेला झाली, मशीनही तिकडूनच आणलं. रेसमेड कंपनीचं एअरसेन्स १०, ह्युमिडिफायरसकट (हवा दमट करणारी पाण्याची टाकी). गुण चांगला आला, दुपारी खुर्चीत डुलक्या घेणं बंद झालं. मशीनबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो त्याच्या मागच्या झाकणाआड बसणाऱ्या काडेपेटीएवढ्या फिल्टरचा.

आमचं घर नंदुरबारात, गावाच्या कडेला, आणि वाऱ्याच्या तोंडावर मिरचीच्या पथाऱ्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते, हंगामात मोकळ्या मैदानांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. ती उलथताना आणि पोत्यात भरताना जो ठसका उठतो, त्याला घरात यायला खिडकी उघडी लागत नाही. परवा झाकण काढलं तर पांढरा फिल्टर पार करडा झालेला, आणि खालच्या कोपऱ्यात चिमटीत येईल एवढी तांबूस भुकटी.

नवीन घ्यायचा तर तिघांचे तीन सल्ले. मशीन विकणाऱ्याकडचा माणूस फोनवर म्हणाला, साधा घेऊच नका, त्याहून बारीक धूळ अडवणारा हायपोअ‍ॅलर्जेनिक घ्या. इथला सर्जिकलवाला म्हणतो, "ताई, फेकता कशाला? साबणाने धुवा, सावलीत वाळवा, वर्ष निघतं." आप्पांना अर्थातच हाच सल्ला पटला, कूलरच्या जाळ्या ते दर उन्हाळ्यात स्वतः घासतात. आणि ऑनलाइन पाहावं तर 'कम्पॅटिबल' नावाची (दुसऱ्यांनी बनवलेली, याच मशीनला बसणारी) गठ्ठ्याने मिळणारी पाकिटं, ओरिजिनलपेक्षा कितीतरी स्वस्त.

तर धुतलेला चालतो का? बारीक फिल्टर घातला तर डॉक्टरांनी लावून दिलेलं प्रेशर कमी पडेल का? आणि आमच्यासारख्या धुळीच्या जागी किती दिवसांनी बदलायचा? जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

केळीचा_घड (रावेर): ताई, धुण्याचा घोळ कुठून आला ते सांगतो. माझ्याकडे फिलिप्सचं ड्रीमस्टेशन हे सीपॅप आहे. त्यात दोन फिल्टर असतात. एक निळा, तो धुण्यासाठीच बनवलेला, दोन आठवड्यांतून एकदा तरी नळाखाली धरायचा, पूर्ण वाळला की परत बसवायचा. दुसरा फिकट निळा, एकदम बारीक, तो धुवायचा नाही, तीस रात्री झाल्या की टाकून द्यायचा, त्याआधी मळला तर त्याआधीच. तुमच्या दुकानदाराने कुणा फिलिप्सवाल्याचं ऐकून तेच तुम्हाला सांगितलं असणार. तुमच्या रेसमेडचा फिल्टर धुवायचा नसतो. पुस्तिकेतच लिहिलंय, आप्पांना ते पान दाखवा.

जिनिंगरोड: जळगावहून. आमच्याकडे मिरची नाही पण कापूस आहे. जिनिंग (कापसातली सरकी काढणारे कारखाने) सुरू झाल्या की हवेत तंतू उडतात आणि फिल्टरवर पातळ गादीच बसते. कंपनी म्हणते दर महिन्याला बघा आणि सहा महिन्यांत बदलाच. लोक त्यातलं 'सहा महिने' तेवढं लक्षात ठेवतात. अहो, ती शेवटची मुदत आहे. खान्देशात हंगामात दर पंधरवड्याला झाकण उघडायचं, करडा दिसला की बदलायचा, तारीख बघत बसायचं नाही.

स्वस्त पाकिटांचं म्हणाल तर सगळीच टाकाऊ नसतात. पण मापात कापलेली आहेत का ते बघा. माझ्या एका पाकिटातले फिल्टर रुंदीला जरा कमी होते, बसवल्यावर कडेला फट राहायची. फट राहिली की हवा तिथूनच जाणार, मग फिल्टर कितीही भारी असेना. उजेडासमोर धरूनही बघा, मध्येच विरळ जागा दिसली तर दुकानदाराला परत. आणि मागवताना मॉडेल नीट लिहा. रेसमेडच्याच जुन्या एस९ ला आणि एअरसेन्स १० ला एकच फिल्टर चालतो, एअरसेन्स ११ चा आकार वेगळा.

पान्हा_पक्कड: दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा, म्हणून थोडं तपशिलात.

एअरसेन्स १० चा साधा फिल्टर पॉलिस्टरचा असतो. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे साधारण ७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धूळ तो ७५ टक्क्यांहून जास्त अडवतो. हायपोअ‍ॅलर्जेनिक ७-८ मायक्रॉनची ९८ टक्क्यांहून जास्त, आणि अर्ध्या मायक्रॉनचीही ८० टक्क्यांहून जास्त. म्हणजे रस्त्याची धूळ, कापसाचे तंतू, मिरचीचे डोळ्याला दिसणारे कण यांना साधाही पुरतो, वेळेवर बदललात तर. फरक पडतो तो डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भुकटीत, परागकणांत, धुराच्या कणांत. मिरचीचा ठसका बराचसा त्या बारीक भुकटीचाच, त्यामुळे हंगामात तुमच्यासाठी बारीक फिल्टर हाच माझा कौल. वास मात्र दोन्ही अडवत नाहीत.

प्रेशरची काळजी नको. मशीन आत प्रेशर सतत मोजत असतं आणि त्याप्रमाणे मोटर कमी-जास्त करतं. स्वच्छ बारीक फिल्टरने काही बिघडत नाही. बिघडतं ते तुंबलेल्याने, मग तो साधा असो की महाग. मोटरला ओढून हवा घ्यावी लागते आणि आवाज वाढतो. एकावर एक दोन फिल्टर कोंबायचे नाहीत, तसं करणारेही भेटलेत मला! आणि नवीन आणेपर्यंत फिल्टरशिवाय एक रात्र चालवू, असंही नको. आत गेलेली धूळ मोटरवर बसते, तिथपर्यंत तुमचा हात पोचत नाही.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, धुण्याचा विषय घरात मिटला. आणखी एक विचारते. मशीन खाटेशेजारी जमिनीवर ठेवतो, समोर कूलर. उन्हाळ्यात अडचण येईल का? धूळ उडू नये म्हणून मशीनवर ओढणी टाकली तर चालेल का?

पान्हा_पक्कड: जमिनीवर नको, केर काढताना उडालेलं सगळं आधी तिथेच जातं. स्टूल घ्या, पण खाटेपेक्षा खालचंच, म्हणजे नळीत साचलेलं पाणी मास्ककडे येणार नाही. कूलरच्या झोतासमोर मागची बाजू येऊ देऊ नका, दमट फिल्टरवर धूळ चिकटून बसते. चालू मशीनवर ओढणी अजिबात नको, हवा घ्यायची जागाच झाकली जाईल. दिवसा बंद असताना खुशाल टाका.

रेल्वेचाळ_भुसावळ: उन्हाळ्याचं विचारलंत म्हणून, पुस्तिकेत वापराची मर्यादा ३५ अंश दिली आहे. आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकरालाही घर भट्टी झालेलं असतं. त्यात मशीनमधून येणारी हवा खोलीपेक्षा थोडी गरमच. म्हणून झोपायच्या आधी तासभर कूलर लावून खोली निववा. नाहीतर आप्पा मास्क काढून फेकतील आणि तुम्ही दोष फिल्टरला द्याल.

जिनिंगरोड: आणि आप्पांना सकाळी खोकला किंवा नाक चोंदणं असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. प्रत्येक वेळी कारण धूळच असतं असं नाही, मास्क आणि पाण्याची टाकी रोज धुतली जाते ना तेही बघा भो.

धागाकर्ती: टाकी रोज धुते, मास्कची चेहऱ्याला टेकणारी मऊ उशी मात्र आठवड्याने. आता तीही रोज. माझे दीर मंगळवारी सुरतेला चाललेत. हायपोअ‍ॅलर्जेनिक हंगामापुरते आणि साधे पावसाळ्यासाठी, दोन्ही मागवते. जुना फिल्टर नमुना म्हणून त्यांच्याबरोबर देते आहे, पिशवीत बांधून, नाहीतर सगळी एसटी शिंकायची.